पीटर, ससा आणि सतरा पायऱ्या

पीटरचे वय दोन वर्षे दहा महिने. बुद्ध्यंक 102, म्हणजे चारचौघांसारखाच. तब्येतीने ठीक, खेळण्यात रमणारा. पण पांढरा उंदीर दिसला की किंचाळून खाटेत उताणा पडायचा. उंदीर उचलून दूर ठेवला, दुसऱ्या एका लहान मुलीने तो हातात घेऊनही दाखवला, तरी याची भीती उतरायला बराच वेळ लागायचा. खाटेत त्याची मण्यांची माळ पडलेली होती. त्या मुलीने माळेला हात लावला तर त्याची काही तक्रार नव्हती. उंदराचा स्पर्श झाला की मात्र तो रडवेल्या आवाजात म्हणे, ‘माझे मणी!’

दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर एकेक वस्तू ठेवून पाहिली. फरचा कोट पाहून रडला. फरचे जाजम पाहून रडला. कापूस दिसताच मुसमुसत मागे सरकला. पिसे लावलेली टोपी पाहूनही रडला. लाकडी बाहुलीने त्याला काही केले नाही, पांढरा चेंडू तर त्याने स्वतः उचलून घेतला. म्हणजे भीती पांढऱ्या रंगाची नव्हती. मऊ, केसाळ, लवदार अशा सगळ्याची होती. सर्वांत जास्त भीती सशाची निघाली, उंदरापेक्षाही जास्त. म्हणून उपचारासाठी ससाच निवडला गेला.

हे सगळे घडले न्यूयॉर्कमध्ये. मुलांना तात्पुरते सांभाळणाऱ्या एका संस्थेत मेरी कव्हर जोन्स ही तरुण संशोधक काम करत होती. पीटरची हकिकत तिने 1924 मध्ये प्रसिद्ध केली. भीती घालवण्याचा एक प्रयत्न दिवसागणिक, मागे घसरलेल्या दिवसांसकट नोंदवून ठेवणारे असे लेखन त्याआधी फारसे झालेले नव्हते. मानसशास्त्राच्या पुस्तकांत पीटरच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात आणि पुढचे प्रकरण सुरू होते. मला ही हकिकत सविस्तर सांगायची आहे, कारण आपल्या घरांत भित्र्या मुलाशी जे केले जाते त्यातले बरेचसे जोन्सने शंभर वर्षांपूर्वी तपासून पाहिले होते, आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींचा उपयोग होत नाही हे तिला दिसले होते.

आधी काय घडले होते

1920 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन बी. वॉटसन आणि त्याची सहकारी रोझली रेनर यांनी एका तान्ह्या मुलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलाने पांढऱ्या उंदराला हात लावला की त्याच्या पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा मारायचा. काही वेळा असे झाल्यावर मूल नुसता उंदीर पाहूनच रडू लागले, नंतर सशाला आणि फरच्या कोटालाही घाबरू लागले. भीती शिकवता येते हे सिद्ध झाले. ती शिकवलेली भीती त्या मुलाच्या मनातून काढण्याचे काम मात्र झालेच नाही. माझ्या मते मानसशास्त्राच्या इतिहासातली ही एक लाजिरवाणी गोष्ट आहे.

रेनर ही जोन्सची मैत्रीण. वॉटसनचे व्याख्यान जोन्सने 1919 मध्ये ऐकले होते. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता: भीती जर अशी शिकवता येते, तर ती शिकण्याच्याच मार्गाने घालवताही यायला हवी. वॉटसन तोवर विद्यापीठातून बाहेर पडून न्यूयॉर्कमध्ये जाहिरातीच्या धंद्यात शिरला होता. तिथून वेळ काढून तो जोन्सला सल्ला देत असे. मुलांजवळ बसण्याचे खरे काम जोन्सचे. तिने कोणाच्याही मनात नवी भीती घातली नाही. जी मुले आधीच भ्यालेली होती, तीच तिने निवडली.

पीटरचे घर

पीटर सशाला नेमका कशामुळे घाबरू लागला, याचा छडा जोन्सला लागला नाही. घराबद्दल मात्र तिने जे लिहिले आहे ते वाचताना आपलाच एखादा वाडा किंवा चाळ डोळ्यांसमोर येते. घरात गरिबी. आई इतकी हळवी की दोन मिनिटे बोलायला बसली तरी डोळे भरून यायचे. पीटरच्या मोठ्या बहिणीचा मृत्यू झालेला, आणि सगळ्या घराची माया एकाएकी त्याच्यावर लोटलेली. शिस्त अशी काही नाही; आज एक, उद्या दुसरेच. मुलगा अंगणाबाहेर जाऊ नये म्हणून आई हाक मारायची ती अशी: पीटर, आत ये, तुला कोणीतरी पळवून न्यायला आलंय.

ही हाक आपल्याला नवी नाही. जेवला नाहीस तर बागुलबुवा येईल. झोप, नाहीतर पोलिसाला देईन. दंगा केलास तर डॉक्टरकाका सुई टोचतील. झोळीवाला बाबा घेऊन जाईल. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. कामाचा रगाडा असतो, मूल ऐकत नसते, आणि या धाकाने ते लगेच ऐकते. पण त्या क्षणी मुलाला कळते ते इतकेच: जग धोक्याचे आहे, आणि आपल्याला सांभाळणारे माणूसही त्या धोक्याच्याच बाजूचे आहे. पुढे तेच मूल दवाखान्याच्या दारात गडाबडा लोळते, तेव्हा आपण त्याला हट्टी म्हणतो.

पहिला टप्पा: सोबतीची मुले

पीटरला रोज थोडा वेळ तीन मुलांबरोबर खेळायला सोडायचे, असे जोन्सने ठरवले. ही तिन्ही मुले सशाला अजिबात न घाबरणारी. खेळाच्या वेळात काही काळ ससा खोलीत आणलेला असे. पीटरला कोणी ‘हात लाव’ म्हणत नव्हते, ‘बघ, ती बघ कशी धीट आहेत’ असेही म्हणत नव्हते. मुले सशाकडे धावत जात, आणि पीटर ते पाहत असे. मधूनमधून त्याला एकट्याला आणून सशापुढे तो किती टिकतो, एवढे पाहून घेतले जाई.

पीटरच्या प्रगतीची जोन्सने सतरा पायऱ्यांची यादी केली. माझ्या मते या सगळ्या लेखनातला सर्वांत मोलाचा भाग हाच. अगदी खाली: ससा पिंजऱ्यात, खोलीत कुठेही असला तरी भीती. त्यावर: पिंजरा बारा फुटांवर असला तर चालतो. मग चार फुटांवर, मग तीन, मग अगदी जवळ, पण पिंजऱ्यातच. मग ससा खोलीत मोकळा. मग कोणीतरी सशाला धरले असताना त्याला हात लावणे, आणि त्यानंतर मोकळ्या सशाला हात लावणे.

इथपर्यंत कोणालाही सुचेल. पुढची पायरी वाचून मात्र मी थांबले. त्या पायरीवर पीटर सशावर थुंकतो, त्याच्या अंगावर वस्तू फेकतो, त्याच्या नकला करतो. आपल्यापैकी कोणाच्याही घरात हे झाले असते तर पाठीत धपाटा बसला असता. जोन्सने ते धीटपणाच्या शिडीवर चढवले, कारण जो मुलगा काल खोलीतही टिकत नव्हता तो आज सशाला आव्हान देत होता. घाबरलेला जीव धीट होताना आधी थोडा उद्धट होतो. त्या उद्धटपणात त्याचे पाऊल पुढे पडलेले असते, आणि नेमक्या त्या क्षणी दम दिला तर पाऊल परत मागे जाते.

त्यावरच्या पायऱ्या: आपल्या उंच खुर्चीच्या पुढच्या फळीवर ससा ठेवू देणे, सशाच्या शेजारी उकिडवे बसणे, त्याला पिंजऱ्यात ठेवायला मदत करणे, मांडीवर घेणे, खोलीत सशाबरोबर एकटे राहणे, आपल्या खेळायच्या कुंपणात त्याला येऊ देणे, कुरवाळणे. आणि सर्वांत वर: सशाला आपली बोटे कुरतडू देणे.

या यादीखाली जोन्सने एक इशाराही दिला. पायऱ्या ओळीने लिहिल्या आहेत म्हणून मूलही असेच ओळीने चढते असे समजू नये. दोन पायऱ्यांमधले अंतर सारखे नसते. कधी बरेच दिवस काहीच हलत नाही, कधी मूल घसरते, कधी एकदम तीन पायऱ्या ओलांडते.

दवाखान्याच्या दारातला कुत्रा

पीटर बऱ्यापैकी वर आला होता, तेवढ्यात त्याला स्कार्लेट फीव्हर, म्हणजे अंगावर लाल पुरळ येणारा संसर्गजन्य ताप, आला. दोन महिने तो दवाखान्यात होता. घरी सोडले त्या दिवशी परिचारिकेबरोबर तो टॅक्सीत बसत असताना एक मोठा कुत्रा पळत आला आणि त्यांच्या अंगावर झेपावला. पीटर घाबरला, परिचारिकाही घाबरली. टॅक्सीत तो पांढराफटक पडून मुकाट मागे टेकला. त्याला परत आत न्यावे की काय, असा प्रश्न तिला पडला.

जोन्सकडे तो परतला तेव्हा भीती पुन्हा पहिल्या जागी आलेली होती. आठवड्यांची मेहनत गेली. आपण ‘झालं, पहिले पाढे पंचावन्न’ म्हणून सोडून दिले असते. जोन्सने मात्र नीट पाहिले की तिथे एकाच वेळी काय काय जमून आले होते: आजारातून उठलेले अशक्त शरीर, अनोळखी जागा, मोठे जनावर, आणि ज्याचा हात धरला होता ते मोठे माणूसही भ्यालेले. यातली शेवटची गोष्ट फार जड आहे. लहान मूल धोका कुत्र्यात शोधण्याआधी आपल्या माणसाच्या चेहऱ्यावर शोधते. जोन्सच्या दुसऱ्या एका नोंदीत एकवीस महिन्यांचा एक मुलगा आहे. तो सशाला मुळीच घाबरत नव्हता. सशाला पाहून रडणाऱ्या एका मुलीबरोबर त्याला ठेवले आणि तोही घाबरू लागला. ती एरवी रडली तर तो ढुंकूनही पाहत नसे; सशामुळे रडली, तेव्हा मात्र ते रडणे त्याला चिकटले. ती भीती दोन आठवड्यांहून अधिक टिकली. भीती संसर्गाने पसरते ती अशी. पहिल्या टप्प्यातल्या तीन धीट मुलांमुळे धीटपणाही तसाच पसरला होता.

दुसरा टप्पा: घास आणि ससा

आता जोन्सने पद्धत बदलली. पीटरला उंच खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ द्यायचा. तो खात असताना पिंजऱ्यातला ससा आणायचा, आणि खाणे थांबणार नाही इतक्याच अंतरावर ठेवायचा. कालच्या अंतरावर त्याचा घास अडला असेल तर आज तिथे जायचे नाही. मोजपट्टी घास होता. मूल निवांत खातेय तोवर अंतर बरोबर. त्याला जमेल तसतसा पिंजरा जवळ येत गेला.

यात एक धोका आहे, आणि तो जोन्सने स्वतःच सांगून ठेवला आहे. खाण्याचा आनंद आणि सशाची भीती या दोघांची इथे गाठ घातली जाते, आणि जो जोरकस असेल तो जिंकतो. घाई केली तर सशाची भीती जाण्याऐवजी मूल खाऊलाच घाबरू लागेल. म्हणून सगळे कौशल्य वेग कमी ठेवण्यात आहे. मुलाच्या हातात चॉकलेट देऊन त्याला कुत्र्याच्या तोंडाशी ढकलणारे काका दिसायला हेच करत असतात, पण परिणाम उलटा होतो.

अधूनमधून सोबतीची मुले येतच होती. एकदा पीटर ससा पाहून रडू लागला, तेवढ्यात दुसरा मुलगा आनंदाने सशाकडे धावला. पीटर खुर्चीतून उतरून त्याच्या मागोमाग गेला. एक साहाय्यक पीटरच्या फार आवडीचा होता, पीटर त्याला ‘हे माझे पपा’ म्हणायचा. तो नुसता खोलीत असला तरी पीटरची मजल पुढे जायची. त्याने समजूत घातली नाही, शाबासकी दिली नाही; तो तिथे होता.

सशाला पिंजऱ्यात ठेवायला मदत करताना पीटरला एकदा नखाचा ओरखडा बसला आणि तो थोडा मागे गेला. पण या वेळी सावरायला वेळ लागला नाही. कुत्र्याच्या प्रसंगाने तो तळाशी गेला होता, ओरखड्याने पायरी-दोन पायऱ्या. तोवर मिळालेल्या अनुभवाची ही शिल्लक होती.

शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला, बोटे चावू देऊ लागला. ज्यांच्यावर वेगळे काहीच काम केले नव्हते अशा वस्तूंचीही भीती गेली होती: कापूस, पिसे, फरचा कोट. त्याने त्या पाहिल्या, हाताळल्या आणि त्यांच्यापेक्षा बरे काही दिसले तिकडे वळला. उंदीर ठेवलेला डबा तो स्वतः उचलून फिरवू लागला. पूर्वी कधी न पाहिलेले किडे समोर ठेवले तेव्हा आधी बिचकला आणि मग पाहत राहिला.

ज्या उपायांनी काम झाले नाही

पीटरबरोबरच जोन्सने सुमारे सत्तर मुलांची निरीक्षणे नोंदवली होती. त्यांची भीती घालवायचे निरनिराळे मार्ग तिने पाहिले. निःसंशय गुण आला तो दोनच मार्गांनी: आवडीच्या गोष्टीबरोबर हळूहळू जवळीक, आणि न भिणाऱ्या मुलांची संगत. बाकीचे सगळे आपल्या रोजच्या वापरातले उपाय आहेत.

‘मोठा झाला की विसरेल.’ एका मुलाला ज्या उंदराची भीती वाटली होती, तो दोन महिने दाखवलाच नाही. दोन महिन्यांनी भीती होती तशीच. टाळल्याने ती झिजली नाही.

‘नीट समजावून सांगा.’ पाच वर्षांच्या एका मुलीला आठवडाभर रोज सशाच्या गोष्टी सांगितल्या, चित्रे दाखवली, खेळण्यातले ससे दिले. ती विचारू लागली, ‘कुठाय तुमचा ससा?’ एकदा तर म्हणाली की मी त्याला हात लावला आणि तो रडलाच नाही. तसे काही घडलेच नव्हते. आठवड्याने खरा ससा आणल्यावर ती पहिल्यासारखीच उठून पळाली आणि त्याला इथून न्या म्हणून हुंदके देऊ लागली. ही मुलगी खोटे बोलत नव्हती. शब्दांच्या सशाशी तिचे जमले होते, खऱ्या सशाशी जमायचे होते. भाषणे ऐकून, धीराची वाक्ये भिंतीवर लावून बाहेर पडलेल्या मोठ्या माणसाचेही हेच होते, आणि मग ते स्वतःलाच दोष देते.

‘चिडवा म्हणजे लाजेल.’ चार वर्षांचा एक मुलगा बेडकांना घाबरायचा. चार मुलांच्या घोळक्यात तो ऐटीत पुढे आला. एकाने बेडूक उचलून त्याच्याकडे धरताच ओरडून पळाला. मुलांनी त्याचा पाठलाग केला, हसली. भीती तसूभरही कमी झाली नाही. ‘भित्री भागूबाई’ म्हणून आपण काय मिळवतो, याचे उत्तर इथे आहे: मूल भीती लपवायला शिकते. पुढे आयुष्यभर ऐटीत पुढे येते आणि वेळ आली की पळते.

प्रकरणातले कच्चे दुवे

हे एका मुलाचे प्रकरण आहे, तुलनेसाठी दुसरा पीटर नव्हता. सोबतीची मुले, खाऊ, आवडता साहाय्यक हे सगळे एकत्र होते. कशाने किती काम केले हे वेगळे काढता येत नाही. संस्थेतल्या मुलावर असा प्रयोग आज इतक्या सहज होऊ शकणार नाही, आणि होऊही नये. पण मूळ विचार टिकला. 1950 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी मोठ्या माणसांसाठी पायरीपायरीने भीतीला सामोरे जाण्याची पद्धत बांधली, ती याच वाटेवर. वर्तनोपचाराची, म्हणजे वागण्याच्या सवयी बदलून उपचार करण्याच्या पद्धतीची, जननी म्हणून त्यांनी जोन्सचा गौरव केला. 1967 मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याला घाबरणाऱ्या बालवाडीच्या मुलांना एक न भिणारा मुलगा कुत्र्याशी खेळताना दाखवला, आणि त्यांच्यातली बरीच मुले कुत्र्याजवळ जाऊ लागली. आजचे अभ्यासक असेही सांगतात की जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवा अनुभव उभा राहतो. म्हणूनच नव्या जागी, आजारपणात, धक्क्यात ती पुन्हा डोके वर काढते.

स्वतः जोन्सचे मतही पुढे रुंदावले. कॅलिफोर्नियात तिने मुलांची वाढ वर्षानुवर्षे, ती प्रौढ होईपर्यंत पाहिली. अनेक वर्षांनी मागे वळून पाहताना तिने म्हटले की आज तीन वर्षांच्या मुलाची भीती त्या मुलापासून वेगळी काढून तेवढीच हाताळण्यात तिला समाधान वाटले नसते. पीटर बरा होऊन गेला तो त्याच घरी, त्याच आईकडे. त्या बाईला कोणी काही दिले नव्हते; ना मुलीच्या दुःखात सोबत, ना मुलाला अंगणात थांबवायचा दुसरा मार्ग.

आपल्या घरात

कुकरच्या शिट्टीला किंवा मिक्सरच्या आवाजाला घाबरणारे मूल घेऊ. शिट्टी होणार असली की आधी सांगावे, आणि स्वयंपाकघरापासून लांबच्या खोलीत त्याच्या आवडीचा खेळ मांडून आपण शेजारी बसावे. खेळ थांबला नाही तर दुसऱ्या दिवशी दाराच्या जवळ. थांबला तर परत लांब, न रागावता. मिक्सर बंद असताना त्याच्या हातात भांडे द्यावे, झाकण लावू द्यावे. मग एक क्षण बटण त्यानेच दाबावे, बंदही त्यानेच करावे. न घाबरणारे चुलत-मावस भावंड असेल तर आपल्या दहा वाक्यांपेक्षा त्याला बोलावून घेणे बरे. आपल्या मुलाने मिक्सरला वेडावून दाखवले, शिट्टीवर ओरडला, तर ओरडू द्यावे. घरातल्या आजी-आजोबांना आधी विश्वासात घ्यावे, नाहीतर एका बागुलबुव्याने आठवड्याचे काम जाते. रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याशी मात्र हे करू नये. तिथली भीती मुलाचे रक्षण करते. ओळखीच्या घरातला, लस टोचलेला, बांधलेला कुत्रा निवडावा, आणि अंतर मुलाने ठरवावे.

मोठ्यांचेही असेच. अपघातानंतर स्कूटर सोडलेल्या बाईने पहिल्या दिवशी चौकात जायची गरज नाही. आवारात गाडी बंद ठेवून नुसते बसावे, मग सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर, धास्ती न घेणारे कोणीतरी मागे बसवून. ‘जपून, जपून’ म्हणत खांदा आवळणारा नवरा त्या चक्करीत नको.

भीतीमुळे मुलाची शाळा, झोप किंवा जेवण अनेक आठवडे बिघडले असेल, किंवा ती एखाद्या ठरावीक माणसाची किंवा जागेची असेल, तर पायऱ्या मांडण्याआधी त्यामागे काय घडले आहे हे शांतपणे पाहावे. मुलाला खरोखर इजा करणाऱ्या गोष्टीची सवय लावायची नसते. अशा वेळी समुपदेशकाला भेटावे. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येते.